प्राध्यापक शाळेत येतात, पण परत कधी येतात?

२८ फेब्रुवारी आणि २२ डिसेंबर. राष्ट्रीय विज्ञान दिन आणि राष्ट्रीय गणित दिन. या दोन तारखांच्या आगेमागे आपल्या विद्यापीठांना शाळा आठवतात. बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होतं, एखादे ज्येष्ठ प्राध्यापक रामन परिणामावर किंवा रामानुजनांवर बोलतात, मुलं टाळ्या वाजवतात, सामंजस्य करारावर सह्या होतात आणि फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात फळा तोच, खडू तोच, आणि चुंबकाचा धडा चुंबक न दाखवता शिकवणारे सरही तेच. आदल्या दिवशी त्या सरांशी कोणी चार वाक्यंसुद्धा बोललेलं नसतं.

याची मला चीड येते. विद्यापीठ आणि शाळा खरोखर एकत्र आल्या तर काय घडतं, हे या देशाने पाहिलेलं आहे. आपल्या शेजारच्या राज्यात ते तीस वर्षं चाललं. आपल्या मुंबईतही चाललं. माहीत असलेली गोष्ट न करणं हा अडाणीपणा म्हणता येत नाही. ती हयगय आहे.

आधी शेजारचं सांगतो.

मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, आजचं नाव नर्मदापुरम. १९७२ साली तिथल्या १६ सरकारी शाळांमध्ये, सहावी ते आठवीसाठी, विज्ञान शिकवण्याची वेगळी पद्धत सुरू झाली. पुढाकार दोन संस्थांचा होता. एक किशोर भारती आणि दुसरी रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारती उभी केली अनिल सद्गोपाल यांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं रेणवीय जीवशास्त्राचं काम सोडून. त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ सुरुवातीला शिक्षकांना भेटायला गेले. भौतिकशास्त्रज्ञ यशपाल त्यात होते. वर्षभरात दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आले आणि ते टिकले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना या कामासाठी फेलोशिप दिल्या. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. खेड्यातल्या शिक्षकाबरोबर बसणं हे प्राध्यापकाचं काम आहे आणि त्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, असं आपल्याच आयोगाने एकेकाळी मान्य केलं होतं.

वर्गात काय व्हायचं? मुलं चारचारच्या टोळीने बसायची. 'बाल वैज्ञानिक' नावाचं पुस्तक असायचं. त्यात उत्तरं नव्हती, करायच्या गोष्टी होत्या आणि प्रश्न होते. झाडांच्या मुळांचा आणि पानांचा धडा घ्या. मुलं शाळेच्या आसपासची झाडंझुडपं मुळासकट उपटून आणायची. ज्वारीचं ताट, गवत, तुळस, हरभरा, जे हाती लागेल ते. मग तक्ता करायचा: मूळ कसं, पानावरच्या शिरा कशा. तक्ता भरता भरता वर्गातलं कुणीतरी ओरडायचं की समांतर शिरांच्या पानांची मुळं झुपक्यासारखी आहेत आणि जाळीदार शिरांच्या पानांना मधलं सोटमूळ आहे. तो नियम शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेला नसायचा. मुलांनी तो पकडलेला असायचा. आणि नियमाला न जुळणारं एखादं झाड निघालं, तर वर्ग त्यावर भांडायचा. विज्ञान याहून वेगळं काय असतं?

पण होशंगाबादचा खरा धडा वर्गाबाहेरच्या व्यवस्थेत आहे.

शिक्षकाला उन्हाळ्यात तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायचं. एकदा नाही, तीन उन्हाळे, सहावी, सातवी आणि आठवीच्या अभ्यासासाठी एकेक. त्या तीन आठवड्यांत व्याख्यानं नसायची. मुलं जे प्रयोग करणार, तेच शिक्षक स्वतः करायचे, चुकायचे, पुन्हा करायचे. विद्यापीठातला प्राध्यापक त्यांच्या टोळीत जमिनीवर बसलेला असायचा. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला परिसरातले शिक्षक एकत्र जमायचे. कुठला प्रयोग फसला, कुठल्या प्रश्नाला मुलांनी अनपेक्षित उत्तर दिलं, कुठलं सामान संपलं, यावर बोलायचे. मधूनमधून कोणीतरी वर्गात येऊन बसायचं, तपासणी करायला नाही, मदतीला. वर्गातून आलेल्या तक्रारींवरून धडे पुन्हा लिहिले गेले. म्हणजे दिल्लीच्या प्राध्यापकाने लिहिलेलं पान जिल्ह्यातल्या पिपरियाच्या गुरुजींच्या सांगण्यावरून बदललं. भागीदारी म्हणतात ती ही.

आणि परीक्षा बदलली. ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात. आठवीची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची, सोबत प्रयोगाची परीक्षा असायची, आणि सरकारने तिला रीतसर मान्यता दिली होती. परीक्षा जुनीच ठेवून शिकवणं बदला म्हणणारे लोक शिक्षकाला फसवतात. शिक्षकाला निकाल द्यायचा असतो. पालक निकाल विचारतात, मुख्याध्यापक निकाल विचारतात, गटशिक्षणाधिकारी निकाल विचारतात. प्रश्नपत्रिका पाठांतर मागत असेल, तर प्रयोगासाठी वेळ काढणारा शिक्षक वेडा ठरतो.

मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' होता. प्रत्यक्षात असा कुणी माणूस नव्हता, पण त्याला पत्र लिहिलं की उत्तर यायचं. उत्तर देण्यासाठी शास्त्रज्ञांना आणि प्राध्यापकांना कित्येकदा स्वतः पुस्तकं उघडावी लागायची. मुलांच्या प्रश्नांची हीच गंमत असते. ते अभ्यासक्रमाच्या कुंपणात राहत नाहीत.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण अभियंता, आयआयटी कानपूरचा पदवीधर, रजा घेऊन तिथे गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या बनवू लागला. त्रिकोण हलत नाही, चौकोन वाकतो, हे हाताला कळायला लागलं. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी करून मुलांना आणि शिक्षकांना शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८२ साली एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिने कामाची धुरा घेतली. पसरत पसरत कार्यक्रम १५ जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. मुलांची संख्या लाखाच्या घरात.

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला.

देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला. उपयोग झाला नाही. राज्यभर सगळ्या शाळांना एकच पुस्तक, एकच पद्धत हवी, असा सरकारचा सूर होता. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक, त्यांच्या मासिक बैठका, ती परीक्षा, सगळं एका आदेशात गेलं. मला हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला मोठा अपराध वाटतो. पद्धतीत उणिवा होत्या, असणारच. प्रयोगांच्या सामानाचं किट दरवर्षी भरून द्यावं लागायचं, ते वेळेवर मिळायचं नाही. नववीत गेल्यावर मुलांना पुन्हा जुन्या पद्धतीशी जुळवून घ्यावं लागायचं. पण याला उपाय नववी बदलणं हा होता. उलट नववीसाठी आठवी मोडली.

एवढं मोडूनही सगळं संपलं नाही. एकलव्यचं 'चकमक' हे मासिक मुलांच्या हाती राहिलं, 'संदर्भ' हे नियतकालिक शिक्षकांच्या. पुण्यातून निघालेलं 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी द्वैमासिक त्याच प्रेरणेतून आलं. माझ्या पिढीच्या अनेक मराठी शिक्षकांना होशंगाबाद कळलं ते त्यातून. ज्याच्या शाळा त्यांनी कधी पाहिल्या नाहीत, त्या जिल्ह्याचं नाव ते अजून आदराने घेतात.

आता मुंबई. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्यामागे संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी महापालिकेच्या शाळांत केलेलं स्वयंसेवी काम होतं. केंद्राचे पहिले प्रमुख भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी. आज हे केंद्र म्हटलं की लोकांना हुशार विद्यार्थ्यांची ऑलिंपियाड स्पर्धा आठवते. कुलकर्णींच्या काळात केंद्राने हात घातला तो सगळ्यात अवघड ठिकाणी: महापालिकेच्या शाळा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळा.

महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर केंद्राने आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत काम केलं. ही मुलं अभ्यासात मागे का पडतात, हा प्रश्न होता. तयार उत्तर सगळ्यांकडे होतं: घरची परिस्थिती. कुलकर्णींनी ते मानलं नाही. त्यांनी मुलांशी बोलून, त्यांची वाक्यं ऐकून, त्यांचं वाचन तपासून पाहिलं. मुलांना विज्ञान कळत नव्हतं असं नाही, पुस्तक कळत नव्हतं. लांबलचक वाक्यं, तीन तीन उपवाक्यं, घरात कधी न ऐकलेले शब्द. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी भाषेच्या या अडथळ्याचा नीट अभ्यास केला. आशय तोच ठेवून मजकूर सोप्या भाषेत लिहिला, तेव्हा मुलं वर्गात बोलायला लागली, प्रश्न विचारायला लागली. आधार मिळालेल्या मुलांच्या शालान्त निकालातही मोठा फरक पडला.

हे काम शाळेतल्या एकट्या शिक्षकाला जमलं नसतं, आणि विद्यापीठात बसून कोणाच्या लक्षातही आलं नसतं. शिक्षकाला रोज अडचण दिसते, पण ती मोजायला त्याच्याकडे वेळ नसतो. संशोधकाकडे मोजायचं साधन असतं, पण अडचण त्याच्यासमोर कधी येत नाही. दोघं एका खोलीत बसले की मगच कळतं की मूल नापास होण्याचं कारण वाक्यरचना होती. आपल्या आजच्या विज्ञानाच्या पुस्तकांतली काही पानं मोठ्याने वाचून पाहा. कुलकर्णींचा शोध आपण इतक्या वर्षांत पुरता पचवला आहे असं मला तरी वाटत नाही.

ऑलिंपियाडबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ती स्पर्धा चांगली आहे. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने, १९७६ साली गणिती श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेल्या, गणितात रस असलेल्या शाळकरी मुलांसाठी मोठं काम केलं आहे. अशा मुलांना चांगले गणिती भेटलेच पाहिजेत. तक्रार वेगळी आहे. हुशार मुलांच्या शिबिराला प्राध्यापक मिळतात. अपूर्णांकावर अडलेल्या पाचवीच्या वर्गाला मिळत नाहीत. आणि गणिताशी कायमची फारकत होते ती बहुतेकदा अपूर्णांकापाशी.

अपूर्णांक सोपे आहेत असं वाटणाऱ्या प्राध्यापकांसाठी गणितशिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांचं काम सांगतो. १९९९ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना काही साधे प्रश्न विचारले होते. त्यातला एक: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि त्यावर एखादी गोष्ट रचा. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आलं, आणि बरोबर अर्थाची गोष्ट फक्त एकाला रचता आली. बरेच जण अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागत होते. चिनी शिक्षकांना गणित सगळ्यांना आलं आणि बहुतेकांनी गोष्टही नीट रचली. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर साडेतीन पिशव्या होतात, अशा धर्तीची.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. त्या चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी होतं. पण ते शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर नियमितपणे बसायचे, पाठ्यपुस्तक ओळीओळीने वाचायचे, कुठला प्रश्न आधी आणि का, यावर वाद घालायचे. शिक्षकाचं ज्ञान वर्षानुवर्षं असं वाढत गेलं. होशंगाबादच्या मासिक बैठकीत हेच होत होतं.

आपल्याकडे अशा बैठकीची जागा आजही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रं आहेत. केंद्रप्रमुख आहेत. केंद्रावर शिक्षण परिषद भरते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी येतात. बऱ्याच ठिकाणी तो दिवस सूचना ऐकण्यात आणि कुठल्या लिंकवर कुठली माहिती भरायची हे समजून घेण्यात जातो. त्याच तालुक्याच्या गावात विज्ञान शाखेचं वरिष्ठ महाविद्यालय असतं. तिथे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा असते, रसायनशास्त्राची असते, गणिताचे दोन-तीन प्राध्यापक असतात. केंद्रापासून अंतर असतं एसटीच्या एका तिकिटाचं. त्या प्राध्यापकांपैकी एकजण, दर महिन्याला तोच एकजण, सलग तीन वर्षं त्या परिषदेत बसला, तर नवी इमारत लागत नाही, नवी योजना लागत नाही. लागतो एक जीआर आणि प्रवासखर्च.

तो का बसत नाही? कारण बसून त्याला काही मिळत नाही. शोधनिबंधाला बढतीत गुण आहेत, परिषदेत पेपर वाचण्याला आहेत. शाळेतल्या शिक्षकाबरोबर घालवलेल्या वर्षाला त्या तोडीचं वजन नाही. तरुण सहायक प्राध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. जे मोजलं जातं ते तो करतो. १९७३ च्या आसपास अनुदान आयोगाला जे सुचलं, ते आज कुलगुरूंना का सुचत नाही, हा प्रश्न कुलगुरूंना विचारला पाहिजे.

आणि शिक्षकाची बाजू ऐका. शाळेत विज्ञानाची पेटी असते. अनेकदा ती कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असतं. आळस म्हणून मोकळे होऊ नका. ती पेटी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. परीक्षानळी फुटली, भिंग हरवलं, तर जबाबदारी शिक्षकाची, तपासणीत उत्तर त्याने द्यायचं, वसुलीची भीती त्याला. मुलांच्या हातात काच दिली की ती कधीतरी फुटतेच. फुटणं हा प्रयोगाचा खर्च आहे, असं कोणी त्याला लिहून द्यायला तयार नाही. त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती. अशा माणसाला वर्षातून एकदा येऊन 'मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवा' म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

सरकारला हे कळलं नाही असंही म्हणता येत नाही. ९ जुलै २०१५ रोजी डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झालं. कल्पना उत्तम होती: आयआयटी, आयसर, केंद्रीय विद्यापीठं अशा उच्च शिक्षणसंस्थांनी शाळांचं पालकत्व घ्यायचं, विज्ञान आणि गणितासाठी. पुढे त्यातून ठिकठिकाणी उरल्या सहली, प्रश्नमंजूषा आणि प्रदर्शनं. मग अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर आले. ज्या शाळेत उत्साही आणि शिकलेला शिक्षक होता तिथे त्यांचं सोनं झालं, मी पाहिलंय. जिथे शिक्षकाजवळ कोणी बसलं नाही तिथे यंत्रावर कापड आहे. यंत्र विकत घेता येतं, निविदा काढता येते, उद्घाटन करता येतं. शिक्षकाबरोबर तीन वर्षं बसण्याचं उद्घाटन होत नाही. म्हणून ते होत नाही.

परदेशात सगळं छान असतं असं मी मानत नाही, पण फ्रान्समधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉर्ज शार्पाक यांना १९९२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शिकागोच्या शाळांत दुसरे नोबेलविजेते लिऑन लेडरमन यांनी चालवलेलं काम त्यांनी पाहिलं आणि १९९६ साली फ्रेंच विज्ञान अकादमीला सोबत घेऊन ते प्राथमिक शाळांकडे वळले. बालवाडी आणि पहिलीच्या मुलांपर्यंत. मुलं प्रयोग करतील, आपल्या भाषेत वहीत लिहितील, आणि शास्त्रज्ञ शिक्षकाच्या पाठीशी राहतील, एवढं सूत्र. सरकारं बदलली, शार्पाक २०१० साली गेले, काम थांबलं नाही. २०११ साली त्याचं प्रतिष्ठान झालं आणि त्यानंतर विद्यापीठांत शिक्षकांसाठी विज्ञानघरं उभी राहिली. तिथे शिक्षक जातात, शास्त्रज्ञांबरोबर काम करतात, वर्गात परततात, पुन्हा जातात. त्यांनी सुरुवात केली तेव्हा होशंगाबाद २४ वर्षांचं होतं. आपण पुढे होतो.

पुण्यात जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली तेव्हा खगोलशास्त्राच्या त्या संस्थेचं दार त्यांनी शाळकरी मुलांसाठी उघडं ठेवलं. दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. सही मागणाऱ्या मुलाला ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर देतो. आणि द्यायचे. सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, पुलंच्या आठवणीत तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान आहे. असावाच. पण अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात दर तालुक्याला एक अशी खोली का नाही? धडगावच्या, अहेरीच्या, जतच्या मुलीने पोस्टकार्ड कुणाला लिहायचं? विद्यापीठं मोठ्या शहरांत आहेत हे उत्तर पुरेसं नाही. संलग्न महाविद्यालयं तालुक्यात आहेत, आणि ती विद्यापीठाचाच भाग आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात मावतं. विद्यापीठाने मुलांकडे जाण्याआधी शिक्षकाकडे जावं. एकदा नाही, तीन वर्षं. रिकाम्या हाताने जावं आणि आधी ऐकावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा बंद असतात, त्या शाळाशिक्षकांसाठी उघडाव्यात. जो प्राध्यापक हे काम करेल त्याच्या कार्यभारात ते धरावं आणि बढतीत मोजावं. फुटलेल्या परीक्षानळीचा हिशेब शिक्षकाला मागू नये. दहावीच्या विज्ञानातले प्रात्यक्षिकाचे गुण कित्येक शाळांत न पाहताच दिले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते गुण खरे करावेत. त्यासाठी शेजारच्या महाविद्यालयातला माणूस परीक्षक म्हणून यावा. आणि असं काही नीट चालू लागलं तर पुढच्या मंत्र्याला ते एका आदेशाने बंद करता येऊ नये, अशी तरतूद आधीच करावी. होशंगाबाद शेवटपर्यंत सरकारी परवानगीवर जगलं. परवानगी काढून घेतली आणि ते गेलं.

निवृत्त प्राध्यापकांना वेगळी विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जण तालुक्याच्या गावात राहता. तुम्हाला बढती नको, गुण नकोत. जवळच्या केंद्रप्रमुखांना फोन करा आणि शिक्षण परिषदेची पुढची तारीख विचारा. भाषण तयार करून नेऊ नका. शिक्षकांना विचारा की या महिन्यात कुठला धडा अडला, आणि पुढच्या महिन्यात परत जा.

पालकांनो, तुमच्या गावातल्या शाळेचा एखाद्या विद्यापीठाशी करार झाल्याची बातमी पेपरात आली, तर मुख्याध्यापकांना भेटा. या कराराखाली विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांना कोण भेटणार आहे, दर महिन्याला भेटणार आहे का, आणि कुठल्या वर्षापर्यंत, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहा.